अदृश्य किरणांची साक्ष



जे काम कोणी डोळ्यांनी पाहिले नाही ते कोणी केले हे कसे ठरवावयाचे, हा प्रश्न कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसापुढे नित्य उभा राहतो. रात्रपाळीत यंत्र कोणी सावरले, माल कोणाच्या हातून पुढे गेला, कोणाचा हात थांबला म्हणून सारे खाते बंद पडले, याचा निवाडा शेवटी साक्षीपुराव्यानेच करावा लागतो. आज आम्ही आपणांपुढे जो इतिहास मांडणार आहोत तोही अशाच एका निवाड्याचा आहे. फरक एवढाच की, यातील कारखाना एका सूक्ष्म जीवाच्या अंगावरील पातळ पटलात आहे. त्यातील माल म्हणजे प्रोटॉन, अर्थात हायड्रोजनच्या अणूचा गाभा. आणि साक्षीदार आहेत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण.

विज्ञानाची पदवी आमच्यापाशी नाही. जे थोडेफार कळले ते सार्वजनिक वाचनालयात बसून, आणि जाणत्यांना विचारून विचारून कळले आहे. तथापि हा विषय पदवीधरांपुरताच आहे असे आम्हांला वाटत नाही. आपण खातो त्या प्रत्येक घासाचे बळ शरीरात होते ते प्रोटॉनांच्या ये-जा करण्यानेच. तेव्हा हा माल हातोहात कसा जातो हे समजून घेण्याचा अधिकार भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाला आहे.

प्रथम कारखान्याची ओळख करून घेऊ. आपल्या कोकणपट्टीतील वा गोव्यातील मिठागरे ज्यांनी भर उन्हाळ्यात पाहिली असतील, त्यांना ठाऊक असेल की मीठ धरण्याच्या बेताला आलेले पाणी कधीकधी गुलाबी, कधी तांबूस दिसते. तो रंग त्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो. ज्या खारट पाण्यात मासा तगत नाही, शेवाळाच्या बहुतेक जातीही तगत नाहीत, तेथे हे जीव सुखाने नांदतात. त्यांतील एकाचे नाव हॅलोबॅक्टेरियम. पूर्वी त्याची गणना जीवाणूंत होत असे; आता त्याला आर्किया नावाच्या वेगळ्या कुळात घालतात. पाण्यातील तांबूसपणा मुख्यत्वे दुसऱ्या रंगद्रव्यांचा असतो. परंतु प्राणवायू कमी पडला आणि ऊन भरपूर असले, की हा जीव आपल्या अंगावर जांभळ्या रंगाचे ठिगळ तयार करतो. ह्या ठिगळालाच शास्त्रज्ञ जांभळे पटल म्हणतात.

हे पटल वाल्थर स्टोकेनियस हे सूक्ष्मदर्शकाचे काम करणारे शास्त्रज्ञ अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे अभ्यासीत होते. त्यांच्याकडे म्युनिकहून डीटर ओस्टरहेल्ट नावाचे रसायनज्ञ आले. पटलातील स्निग्ध द्रव्य काढून टाकण्यासाठी त्यांनी ते एका द्रावणात घातले, तेव्हा जांभळा रंग जाऊन पिवळा आला. दुसरा कोणी असता तर नमुना बिघडला म्हणून त्याने तो फेकून दिला असता. ओस्टरहेल्ट यांनी रंग का पालटला हे विचारले, आणि शोधांती असे आढळले की पटलातील प्रथिनाला रेटिनल चिकटलेले आहे. हे द्रव्य अ जीवनसत्त्वाचे सख्खे भावंड असून आपल्या डोळ्यांतही प्रकाश टिपण्याचे काम तेच करते. १९७१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. प्रथिनाला बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन असे लांबलचक नाव मिळाले. आपण त्याला जांभळे प्रथिन म्हणू.

डोळा नसलेल्या जीवाला डोळ्यातील द्रव्य कशाला हवे? १९७३ साली त्याच दोघांनी उत्तर दिले. प्रकाश पडला की हे प्रथिन पेशीच्या आतील प्रोटॉन उपसून बाहेर टाकते. एक प्रकाशकण कामी आला की एक प्रोटॉन बाहेर जातो. अर्थात हा उन्हावर चालणारा पंप आहे.

ह्या पंपाचे मोल कळण्यासाठी पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञांचे स्मरण केले पाहिजे. १९६१ साली त्यांनी असे मांडले की, पेशी ऊर्जा साठविते ती पटलाच्या एका बाजूला प्रोटॉनांची गर्दी करून. धरणाच्या भिंतीआड पाणी तुंबवावे आणि ते खाली सोडून जनित्र फिरवावे, तसे हे प्रोटॉन परत आत येताना पटलातील एक यंत्र चालवितात, आणि त्यातून एटीपी नावाचे द्रव्य तयार होते. पेशीतील सर्व देवघेव ह्याच नाण्यात चालते. त्या काळी ही कल्पना बहुतेकांना रुचली नाही. प्रकृती ठीक नसल्याने मिचेल यांनी विद्यापीठातील जागा सोडली, कॉर्नवॉलमधील एक जुने घर दुरुस्त केले, आणि जेनिफर मॉयल यांच्या सोबतीने तेथेच छोटी प्रयोगशाळा चालविली. १९७४ साली एफ्रेम रॅकर आणि स्टोकेनियस यांनी एक निर्णायक प्रयोग केला. सोयाबीनच्या स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या करून त्यांत मिठातल्या जीवाचे जांभळे प्रथिन आणि गुरांच्या हृदयातून काढलेले एटीपी बनविणारे यंत्र एकत्र बसविले. वर प्रकाश टाकला, आणि एटीपी तयार होऊ लागले. ज्या दोन यंत्रांची जन्मात कधी गाठ पडली नव्हती, त्यांना जोडणारा दुवा प्रोटॉनांखेरीज दुसरा असूच शकत नव्हता. १९७८ साली मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पंप चालतो हे सिद्ध झाले. परंतु तो कसा चालतो? प्रोटॉन आतून बाहेर जातो खरा, पण कोणाच्या हातून कोणाच्या हाती?

घराचा स्लॅब पडताना आपण सर्वांनी पाहिला आहे. खालपासून वरपर्यंत माणसे ओळीने उभी राहतात आणि मालाची पाटी हातोहात वर जाते. पाटी कोणा एकाची नसते. प्रत्येकजण घेतो आणि देतो. जांभळ्या प्रथिनात २४८ ॲमिनो आम्लांच्या कड्या एका साखळीत गुंफलेल्या आहेत, आणि ती साखळी सात वेळा पटलातून आरपार जाते. केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिचे सात खांब दाखविले. पुढे १९७९ मध्ये कड्यांचा क्रमही मॉस्को आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लावला. हजेरीपटावरील नावे अशा रीतीने कळली. पण २४८ नावांपैकी पाटी उचलणारे हात कोणते?

येथे नेहमीची साधने थकली. क्ष-किरणांना प्रोटॉन जवळजवळ दिसत नाही, इतका तो हलका. रंगावरून पाहावे, तर रंग फक्त रेटिनलचा. बाकीच्या कड्या बिनरंगाच्या. जांभळे प्रथिन प्रकाश मिळताच रंग पालटीत जाते, मध्येच पिवळे होते आणि पुन्हा जांभळे होते, एवढे कळत होते. आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामाचाही उपयोग करून पाहण्यात आला, आणि रेटिनलची कंपने त्यातून उत्तम वाचता आली. पण ज्या रंगाच्या प्रकाशाने ती उठून दिसत, त्या प्रकाशात रेटिनलच बोलत असे, शेजारी गप्प राहत. मुकादमाची जबानी मिळाली, मजुरांची राहिली. मजुरांची जबानी घेण्याची ताकद अवरक्त किरणांत होती.

ह्या साक्षीदाराची ओळख करून घेण्यासाठी दोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. विल्यम हर्शेल हे मूळचे वादक. इंग्लंडातील बाथ गावी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहत. ज्योतिष ते कोणत्याही विद्यापीठात शिकले नव्हते. १७८१ साली त्यांनी युरेनस ग्रह शोधला. १८०० साली सूर्यप्रकाशातील कोणत्या रंगात उष्णता अधिक, हे त्यांनी पाहावयास घेतले. लोलकातून प्रकाशाचा पट्टा पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला, आणि तो तांबड्यातल्याहून अधिक चढला. तुलनेसाठी काही तापमापक त्यांनी पट्ट्याच्या बाहेर ठेवले होते. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण आमच्या कथेचे सारे मर्म त्यातच आहे: एक नमुना प्रकाशात, एक प्रकाशाबाहेर, आणि दोहोंतील फरक.

ह्या अदृश्य किरणांचा पदार्थाशी काय संबंध? रेणूतील अणू एकमेकांशी ताठ काठीने बांधलेले नसतात. स्प्रिंगेने जोडलेल्या गोळ्यांसारखे ते सतत हेलकावत असतात. स्प्रिंग ताठ असेल तर हेलकावा जलद, गोळा जड असेल तर मंद. ज्या किरणाची लय हेलकाव्याच्या लयीशी जुळते, तो किरण त्या बंधात शोषला जातो. म्हणून पदार्थातून अवरक्त प्रकाश जाऊ दिला की जेथे जेथे तो गळतो तेथे तेथे एकेका बंधाची सही उमटते. अमेरिकेतील विल्यम कोब्लेंट्झ यांनी शंभराहून अधिक पदार्थांच्या अशा सह्या एकेक बिंदू हाताने मोजून घेतल्या आणि १९०५ साली त्या प्रसिद्ध केल्या. रेणूतील विशिष्ट गट कोठेही गेला तरी आपली खूण सोडत नाही, हे त्यांतून दिसले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर आणि विमानाचे इंधन यांच्या कारखान्यांत माल तपासण्यासाठी ही विद्या वापरण्यात आली, आणि हाताची मोजणी जाऊन यंत्रे आली.

आता खुणेचे गणित थोडे पाहू. एका सेंटीमीटरच्या लांबीत किरणाच्या किती लाटा मावतात, त्या आकड्याने त्याची जागा सांगण्याचा प्रघात आहे. ॲस्पार्टिक आम्ल नावाच्या कडीच्या टोकाला कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक गट असतो. त्या गटाच्या हातात प्रोटॉन असेल तर त्याची खूण १७०० ते १७६० च्या घरात उमटते. प्रोटॉन सोडून दिला की तीच खूण १६०० च्या खाली उतरते. अर्थात कडीचा हात भरलेला आहे की रिकामा, हे ती खूण स्वतःच सांगते. जो प्रोटॉन क्ष-किरणांना दिसत नव्हता, त्याची नोंद ठेवणारा साक्षीदार असा सापडला.

पण साक्षीदार सापडणे वेगळे आणि त्याचे बोलणे ऐकू येणे वेगळे. प्रथिनात हजारो बंध आहेत आणि ते सर्व एकदम बोलतात. भोवतीचे पाणीही अवरक्त किरण भरपूर पिते. एका कडीची कुजबूज ह्या बाजारात ऐकावयाची कशी? उपाय होता वजाबाकीचा. काचपट्टीसारख्या दोन खिडक्यांत जांभळ्या पटलाचा पातळ, किंचित ओला थर ठेवावयाचा. अंधारात त्याचा वर्णपट घ्यावयाचा, प्रकाश टाकून पुन्हा घ्यावयाचा, आणि एकातून दुसरा वजा करावयाचा. जे बंध स्थिर राहिले ते दोन्हीकडे सारखेच, म्हणून कटतात. जे हलले तेवढेच उरतात. हा उरलेला फरक मुळाच्या हजाराव्या हिश्शाइतका, अनेकदा त्याहूनही लहान असतो. दहा टनांचा भरलेला ट्रक काट्यावर चढवावा आणि त्यातून पाचदहा किलोंची पिशवी उतरली की नाही हे वजनावरून सांगावे, तशातला हा प्रकार. काटा फार विश्वासू असल्याशिवाय हे साधणार नाही.

असा काटा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. त्यात किरणाचे दोन भाग करून एक स्थिर आरशावर आणि दुसरा सरकत्या आरशावर पाठवितात, दोन्ही पुन्हा एकत्र आणतात, आणि त्यांच्या मिसळीतून सर्व लहरींची माहिती एकदमच मिळते. ही मिसळ उलगडण्याचे गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञांचे. पण ते वेगाने करण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली दिली, आणि १९६९ मध्ये अशी तयार यंत्रे बाजारात आली.

आता निवाड्याचा इतिहास सुरू होतो. बोस्टन येथे केनेथ रॉथशील्ड आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्रिड्रिश झीबर्ट व वेर्नर मेंटेले यांनी जवळपास एकाच सुमारास ही वजाबाकी जांभळ्या पटलावर लावली. बोस्टनचा निबंध १९८१ चा. १९८२ साली, ज्या वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला त्याच वर्षी, फ्रायबुर्गच्या मंडळींनी जाहीर केले की पंप चालत असताना प्रथिनाच्या आतील अशा आम्लगटांच्या हातात प्रोटॉन येतो, असा पुरावा १७०० च्या वरील खुणांत मिळतो.

पहिली साक्ष आली, आता उलटतपासणी. खूण खरोखर प्रोटॉन धरणाऱ्या गटाचीच कशावरून? म्हणून साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतले. त्यातील हायड्रोजन दुप्पट वजनाचा, म्हणून ज्या गटाने तो धरला असेल त्याची लय थोडी मंदावली पाहिजे. खुणा सुमारे दहा आकड्यांनी खाली सरकल्या. ठीक. पण असा आम्लगट ॲस्पार्टिक आम्लात असतो तसा ग्लुटामिक आम्लातही असतो. दोहोंतला कोणता? म्हणून त्या जीवाला असे ॲस्पार्टिक आम्ल खाऊ घातले की ज्याच्या टोकाचा कार्बन नेहमीपेक्षा एका मात्रेने जड होता. त्यापासून बनलेल्या पटलात त्या खुणा खाली सरकल्या. १९८५ साली एंगेलहार्ड, गेर्वेर्ट, हेस, क्रॉइट्झ आणि झीबर्ट यांनी हे प्रसिद्ध केले. पाटी उचलणारे ॲस्पार्टिक आम्लच, हे पक्के झाले. पण त्या नावाच्या कड्या साखळीत एकाहून अधिक आहेत. एकाच आडनावाचे अनेक कामगार हजेरीपटावर असावेत, तशी ही अडचण.

ती सोडविण्यास आपल्या भूमीत जन्मलेल्या एका पुरुषाचा हात लागला. हरगोविंद खुराना यांचा जन्म मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यातला. ते खेडे आज पाकिस्तानात आहे. वडील गावचे पटवारी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ त्यांचेच एक. मुलाने पहिले धडे झाडाखालच्या शाळेत गिरविले. जनुकांच्या लिपीचा उलगडा केल्याबद्दल १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील एमआयटी येथे त्यांनी जांभळे प्रथिन हाती घेतले. त्याचे जनुक प्रयोगशाळेत घडविले, आणि त्यातील नेमकी एकच कडी बदलून बाकी सर्व जसेच्या तसे ठेवण्याची सोय केली.

आम्ही संघटनेच्या कामात एक गोष्ट पुरेपूर अनुभवली आहे. सर्व सुरळीत चालले असता कोणता कामगार काय करतो हे मालकाच्या ध्यानात येत नाही. एका जागेचे काम थांबले की त्या जागेचे मोल कळते. खुराना आणि त्यांच्यासारख्यांनी प्रथिनात हेच केले. एक कडी कामावरून दूर केली आणि काय थांबते ते पाहिले.

१९८८ साली खुराना यांच्या बदललेल्या प्रथिनांवर रॉथशील्ड यांच्या गटाने अवरक्त किरणांची वजाबाकी केली. १९८९ साली गेर्वेर्ट व हेस यांनी, ओस्टरहेल्ट यांच्या प्रयोगशाळेतील बदललेल्या जीवांवर, तसाच तपास केला. ८५ व्या जागेचे ॲस्पार्टिक आम्ल बदलले की १७६१ च्या आसपासची खूण नाहीशी होते. ९६ वे बदलले की १७४२ च्या जवळची नाहीशी होते. पहिल्या तपासात २१२ व्या कडीवरही बोट ठेवण्यात आले होते. परंतु पुढे मुख्य हस्तांतर ८५ आणि ९६ यांच्याच नावे राहिले. ८५ वी कडी काढून तिच्या जागी प्रोटॉन न धरणारी कडी बसविली की पंप बंद पडतो. ९६ वी तशीच बदलली तर पंप पार थांबत नाही, पण रेंगाळतो. येथे तपासणाऱ्यांनी आणखी एक युक्ती केली. रेंगाळलेल्या प्रथिनाच्या भोवतीच्या पाण्यात ॲझाइड नावाचे साधे द्रव्य मिसळले. त्याचे कण आत जाऊन प्रोटॉन पोचवू लागले, आणि पंप पुन्हा वेगाने चालला. हा बदली कामगारच म्हणावयाचा. बदलीवाला आला आणि काम सुरू झाले, ह्यावरून गैरहजर असलेल्याचे काम कोणते होते याविषयी संशय उरला नाही.

एवंच, पाटी कशी जाते ते आता सांगता येते. प्रकाशकण रेटिनलवर पडतो, आणि सेकंदाच्या एक लक्ष-कोटीव्या भागाहूनही कमी वेळात रेटिनल तेराव्या कार्बनपाशी मुरडते. रेटिनल जेथे २१६ व्या कडीला बांधलेले आहे, त्या सांध्यावर एक प्रोटॉन असतो. सुमारे पन्नास दशलक्षांश सेकंदात तो ८५ व्या कडीच्या हाती जातो, आणि त्याच सुमारास पटलाच्या बाहेरच्या तोंडाशी दुसराच एक प्रोटॉन बाहेर पडतो. मग काही सहस्रांश सेकंदांनी आतल्या बाजूची ९६ वी कडी आपला प्रोटॉन रिकाम्या सांध्याला देते आणि स्वतः पेशीच्या आतून नवा घेते. शेवटी ८५ वी कडी आपला प्रोटॉन बाहेरच्या तोंडाकडे सोपविते, आणि सर्वजण पहिल्या जागी येतात. सारा फेरा सुमारे एक शतांश सेकंदाचा. हे टप्पे वेळेनुसार टिपण्यासाठी आरसा एका जागी थांबवावयाचा, प्रकाशाचा झोत सोडून सारा फेरा नोंदवावयाचा, मग आरसा केसभर पुढे नेऊन पुन्हा तेच करावयाचे, अशी चिकाटीची रीत १९९० नंतर रुळली. एकाच फेऱ्याची शेकडो वेळा नोंद करून त्या सर्व नोंदी शेवटी जुळवितात.

एक गोष्ट राहिली. बाहेरच्या तोंडाशी जो प्रोटॉन आधी सुटतो, तो कोणी धरलेला असतो? तेथे १९४ आणि २०४ या जागी ग्लुटामिक आम्लाच्या कड्या आहेत. त्यांच्यापैकी एकीवरच संशय होता. पण कोणत्याही कडीची ठळक खूण तेथे जुळेना. त्याऐवजी वर्णपटात एक लांबवर पसरलेली फिकट छाया दिसे आणि प्रोटॉन सुटला की ती नाहीशी होई. अशी छाया पाण्याच्या रेणूंच्या लहानशा घोळक्यात एखादा प्रोटॉन वाटून घेतला गेला म्हणजे पडते. २००६ साली गार्चारेक आणि गेर्वेर्ट यांनी हा पुरावा सविस्तर मांडला: प्रोटॉन धरून ठेवण्याचे काम प्रथिनाच्या आत अडकलेले पाण्याचे काही रेणू मिळून करतात. पाण्यातून प्रोटॉनसारखा भार हातोहात सरकतो ही कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ साली मांडली होती. दोनशे वर्षांनी तिला प्रथिनाच्या पोटात साक्षीदार मिळाला. ज्या पाण्याला सर्वांनी केवळ अडथळा मानले होते, ते हजेरीपटावर नाव नसलेले कामगार निघाले. चळवळीतल्या माणसाला ह्या निकालाचे विशेष वाटले तर नवल नाही.

आता आमचे सोबती गेटसभेनंतर जे विचारतात ते आपणही विचाराल. मिठातल्या किड्याच्या पोटात कोण कोणाला काय देतो, हे कळून आमच्या पगारात काय भर पडणार? सरकारी तिजोरीतील पैसा अशा कामी का जावा?

ह्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले फळाचे. २००० साली समुद्राच्या पाण्यातील जीवाणूंत याच जातीचे प्रथिन आढळले, तेव्हा समुद्रातही सूर्याची ऊर्जा पकडण्याचा हा मार्ग आहे हे कळले. २००२ आणि २००३ साली हिरव्या शेवाळातील याच कुळातील एका प्रथिनाचे काम उलगडले. ते प्रकाश पडताच पटलात दार उघडते. तेच २००५ साली मज्जापेशींत बसविण्यात आले, आणि प्रकाशाने मज्जापेशी जागविता येऊ लागली. त्याच्या आतील प्रोटॉनांची हालचालही पुढे ह्याच अवरक्त वजाबाकीने तपासली गेली. २०२१ साली डोळ्याच्या पडद्याच्या रोगाने अंध झालेल्या एका गृहस्थाला, अशाच प्रथिनाचे जनुक डोळ्यात घालून आणि विशेष चष्मा देऊन, समोरच्या टेबलावरील वस्तू हेरता आल्या. ही दृष्टी अपुरी आहे. पण जेथे काहीच नव्हते तेथे ती आली. त्याच वर्षी ओस्टरहेल्ट, हेगेमान आणि डायसेरॉथ यांना लास्कर पारितोषिक मिळाले. १९७१ साली जांभळा रंग पिवळा का झाला हे विचारताना यातले काहीही कोणाच्या मनात नव्हते. फळ आधी दाखवा, मगच पाणी घालू, असे म्हणणाऱ्याची बाग कधी उभी राहत नाही.

परंतु केवळ फळाच्या आशेवर हा प्रश्न सोडवावा असे आम्हांला वाटत नाही. दुसरे उत्तर पुराव्याच्या शिस्तीचे आहे, आणि आमच्या मते तेच मोठे. आपल्या सार्वजनिक जीवनात निवाडे कसे होतात? जो मोठ्याने बोलतो त्याचे खरे. ज्याचे नाव पाटीवर त्याचे श्रेय. जो दिसत नाही तो नव्हताच. या इतिहासात तसे झाले नाही. रंग दाखविणारे रेटिनल सर्वांत ठळक होते, म्हणून सर्व काम त्याचेच, असे कोणी ठरवून टाकले नाही. प्रत्येक साक्षीला दुसऱ्या रीतीने तपासले: जड पाण्याने, जड कार्बनने, कडी बदलून, बदलीवाला आणून. संशयावरून पुढे आलेले नाव पुराव्याने टिकले नाही तेव्हा ते मागे घेण्यात कोणी कमीपणा मानला नाही. बोस्टन, फ्रायबुर्ग, डॉर्टमुंड, म्युनिक आणि एमआयटी येथील मंडळी एकमेकांची स्पर्धक होती. तरी एकाचा नमुना दुसऱ्याच्या काट्यावर चढला, आणि म्हणूनच निकाल पक्का झाला.

ज्या समाजात न दिसणाऱ्या कामाचा असा चोख हिशेब ठेवणारी माणसे आहेत, त्या समाजात न दिसणाऱ्या कामगाराचा हिशेबही आज ना उद्या चोख होईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. निदान तसा हिशेब कसा ठेवावा हे येथून शिकता येते. आधी अंधारातले मोजावे, मग उजेडातले. दोहोंतला फरक पाहावा. आणि कोणाला दूर केल्यावर काय थांबते ते विचारावे. मिठागराच्या तांबूस पाण्यातून आलेल्या एका सूक्ष्म जीवाने दिलेला हा धडा आपण आपल्या गावच्या, आपल्या कारखान्याच्या आणि आपल्या घरच्या कामालाही लावून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.